तीन पार्ट बदलले, गाडी अजून तशीच

पत्र:

ताई, नमस्कार. सदर नेहमी वाचतो, लिहितोय पहिल्यांदा, कारण डोकं फिरलंय. माझी नऊ वर्षं जुनी छोटी पेट्रोल गाडी आहे. दोन दिवस उभी राहिली की तिसऱ्या दिवशी सकाळी चावी फिरवल्यावर नुसतं टक टक टक. आधी ऑनलाइन सेलमध्ये अर्ध्या किमतीत बॅटरी मिळाली ती टाकली, महिन्याभरात परत तेच. मग गॅरेजवाल्याने अल्टरनेटर बदलला, मग सेल्फ बदलला. स्कॅनर लावून म्हणाला, एरर काहीच दाखवत नाही. आता म्हणतोय पूर्ण वायरिंग बदलू. गाडी बंद म्हणून ऑफिसला बसने जातो तर ती बस माझ्या गाडीपेक्षा म्हातारी, चढावर धापा टाकते, सकाळी पहिल्या स्टॉपवर इंजिन चालू करून पाच-सात मिनिटं नुसती घरघरत उभी असते, आणि कधी अर्धा तास एकही बस नाही मग एकदम दोन. शोरूममध्ये जुनी गाडी देऊन नवी घ्यायची एक्स्चेंज ऑफर आहे, फक्त रविवारपर्यंत. बायको म्हणते विकून टाका एकदाची. मला तर वाटायला लागलंय की दुकानवाले, गॅरेजवाले, बसवाले सगळे मिळून मलाच मूर्ख बनवतायत. काय करू?
– वैतागलेला वाचक

उत्तर:

दादा, नमस्कार. आधी रविवारचं बोलते कारण बाकी सगळं थांबू शकतं. रविवारी कुठेही सही करू नका, टोकनसुद्धा देऊ नका. ऑफर वाईटच असेल असं मी म्हणत नाहीये, पण तुमच्या गाडीला झालंय काय हेच अजून कुणाला माहीत नाही, आणि ते माहीत नसताना गाडी विकायला काढली की समोरचा सगळ्यात वाईट शक्यता धरूनच भाव करणार, आणि तुम्हीही वैतागलेले असल्यामुळे हो म्हणणार.

आता गाडी. तुमच्या पत्रात उत्तराचा निम्मा भाग तुम्हीच लिहून ठेवलाय आणि मला वाटतं त्याच्याकडे गॅरेजमध्ये कुणी लक्ष दिलं नाही. तुम्ही लिहिलंय, दोन दिवस उभी राहिली की चालू होत नाही. म्हणजे रोज चालवली तर होते, बरोबर? सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, खराब असता तर तो उभ्या गाडीचे दिवस मोजत बसला नसता, कधीही दगा दिला असता. अल्टरनेटर, म्हणजे चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करतो तो पार्ट, पूर्ण गेला असता तर चालत्या गाडीत डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला असता. उभ्या उभ्या बॅटरी उतरते याचा सरळ अर्थ गाडी बंद असताना काहीतरी करंट खातंय, किंवा बॅटरीच चार्ज धरत नाहीये, किंवा थोडं हे थोडं ते. स्कॅनरला यातलं काही दिसेलच असं नाही, कारण गाडीचा कॉम्प्युटर ज्या गोष्टींवर लक्ष ठेवतो त्याचीच एरर तो देतो, आणि डिकीतल्या साध्या दिव्यावर किंवा बाहेरून बसवलेल्या म्युझिक सिस्टिमवर तो बहुतेक गाड्यांमध्ये लक्ष ठेवत नाही.

डिकीतला दिवा मी उगाच म्हटलं नाही, हिशोब करून बघा. छोट्या गाडीची बॅटरी समजा ४० अँपिअर-अवरची, म्हणजे साधारण एक अँपिअर करंट ४० तास पुरेल एवढी. डिकीतला बल्ब ५ वॅटचा, १२ व्होल्टला तो साधारण ०.४ अँपिअर खातो. डिकी बंद केल्यावर दिवा विझवणारा जो छोटा स्विच असतो तो अडकला तर दिवा आत जळतच राहतो, तुम्हाला बाहेरून कळायचा प्रश्नच नाही, आणि २४ तासांत जवळपास १० अँपिअर-अवर गेले, दोन दिवसांत २० म्हणजे अर्धी बॅटरी खलास. ती बॅटरी मुळात पूर्ण भरलेली नसेल तर तिसऱ्या दिवशी टक टक टक, तुम्ही लिहिलंय तस्संच. याउलट ठीकठाक गाडी उभी असताना घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटरची मेमरी मिळून साधारण ५० मिलिअँपिअरच्या आतच खाते, म्हणजे दिवसाला सव्वा अँपिअर-अवरसुद्धा नाही, आणि अशी गाडी दोन दिवस काय दोन आठवडे उभी राहिली तरी बहुतेक वेळा चालू होते.

म्हणून पहिलं काम फुकटातलं. फोनवर व्हिडिओ रेकॉर्डिंग चालू करा, फोन डिकीत दिव्याकडे तोंड करून ठेवा, डिकी बंद करा, मिनिटभराने उघडून व्हिडिओ बघा. डॅशबोर्डच्या कप्प्यात दिवा असेल तर तिथेही हेच. आणि या नऊ वर्षांत गाडीत बाहेरून काय काय बसवून घेतलं ते आठवून कागदावर लिहा, म्युझिक सिस्टिम, डॅशकॅम, रिव्हर्स कॅमेरा, जीपीएस ट्रॅकर, जादा लाइट, सेंट्रल लॉक, काहीही. अशा वस्तूंची वायर चावी बंद केल्यावर बंद होणाऱ्या लाइनवर घ्यायची असते, पण बसवणारा घाईत असला की कायम चालू असलेल्या लाइनवर जोडून मोकळा होतो. ती वस्तू बसवल्यानंतरच त्रास सुरू झाला का, हे तुमच्याशिवाय दुसरं कुणी सांगू शकणार नाही.

डिकीचा दिवा निर्दोष निघाला तर पुढचं काम मीटरचं, आणि हे ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, नुसत्या मेकॅनिककडून नको, ती दोन वेगळी कामं आहेत. तो बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवेल, ती वायर आणि बॅटरीचा निगेटिव्ह पोल यांच्या मध्ये मल्टिमीटर, म्हणजे करंट आणि व्होल्टेज मोजायचा मीटर, लावेल, १० अँपिअरच्या रेंजवर, आणि मग थांबेल. हे थांबणं महत्त्वाचं आहे, कारण गाडी लॉक केल्यावर आतले कॉम्प्युटर लगेच झोपत नाहीत, त्यांना वीस मिनिटं, अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो, तोपर्यंत मीटर मोठा आकडा दाखवतच राहतो. झोपल्यावरही आकडा मोठाच असेल तर एकेक फ्यूज काढत जायचं, ज्या फ्यूजला आकडा धपकन खाली येईल त्या लाइनवर चोर बसलाय. कुठला फ्यूज कशाचा ते फ्यूज बॉक्सच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात छापलेलं असतं. एकाही फ्यूजने फरक पडला नाही तर अल्टरनेटरची जाड वायर बघायची, ती बहुतेक गाड्यांत फ्यूजच्या त्या रांगेत येत नाही आणि अल्टरनेटरमधला डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, लीक असला तर करंट उलटा त्यातून झिरपतो, आणि हो, अल्टरनेटर नवा टाकलाय म्हणून तो वगळायचा नाही. मीटर लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही हे इलेक्ट्रिशियनला माहीत असतं, पण तुम्ही घरी कधी करून बघणार असाल तर लक्षात ठेवा, सेल्फ शंभर अँपिअरच्या वर ओढतो आणि १० अँपिअरचा मीटर त्यात जळतो.

एवढ्या कामाला एखादा तास, फार तर दीड तास. त्यातून एक फ्यूज नंबर हातात येतो. तो नंबर हातात नसताना पूर्ण वायरिंग बदलायला हो म्हणू नका, प्लीज. वायरिंग बदलायचं म्हणजे डॅशबोर्ड खोलायचा, सीटा काढायच्या, शेकडो जोड सोडवून परत जोडायचे, आणि त्यात एक जोड सैल राहिला तर आज नसलेले आजार उद्या सुरू होतात.

आता बॅटरी, जिच्यापासून हे सगळं सुरू झालं. अर्ध्या किमतीत मिळाली म्हणता, तर तिच्यावर बनल्याची तारीख बघितलीत का? प्रत्येक बॅटरीवर ती कोरलेली किंवा स्टिकरवर असते, कधी सरळ महिना-वर्ष, कधी कोडमध्ये, दुकानदाराला विचारलं तर तो वाचून दाखवतो. शिशाची बॅटरी शेल्फवर पडल्या पडल्याही उतरते, महिन्याला काही टक्के, गरम गोडाऊनमध्ये त्याहून जास्त. आणि उतरलेल्या अवस्थेत खूप दिवस पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेटचे खडे जमतात, त्यानंतर कितीही चार्ज करा तिची मूळ ताकद परत येत नाही. सेलमध्ये जुना स्टॉक काढतात यात गुन्हा काही नाही, पण बॅटरी ही अशी वस्तू आहे की डब्यातून नवी निघाली तरी अर्धी वापरलेली असू शकते. तपासायला सोपं आहे, रात्रभर गाडी उभी ठेवा आणि सकाळी काहीही चालू न करता मीटरने व्होल्टेज बघा. १२.६ च्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली घसरत असेल तर बॅटरी अशक्त आहे, पण ही परीक्षा तिला बाहेर पूर्ण चार्ज केल्यावरच घ्यायची, नाहीतर उपाशी माणसाला पळायला लावून अशक्त ठरवल्यासारखं होईल. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आलं तर चार्जिंग ठीक आहे, काही नव्या गाड्यांत ते मुद्दाम वरखाली होतं पण तुमच्या गाडीत बहुतेक हेच असेल. आणि हे तीन आकडे अल्टरनेटर बदलायच्या आधी कुणी घेतले होते का, एवढंच गॅरेजवाल्याला शांतपणे विचारा.

बॅटरी वॉरंटीत असणार, ती वापरा. फक्त कार्डवर काय लिहिलंय ते नीट वाचा कारण बऱ्याच बॅटऱ्यांवर मोठ्या अक्षरात जो महिन्यांचा आकडा असतो त्यातल्या पहिल्या भागातच फुकट बदलून मिळते, उरलेल्या भागात नव्या बॅटरीवर फक्त सूट मिळते आणि ती दर महिन्याला कमी होत जाते. बिल आणि सिरीयल नंबरचा फोटो आजच काढून ठेवा, ऑनलाइन घेतलेल्या वस्तूचं बिल ऐन वेळी सापडत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, जो तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलाय. सगळे मिळून मूर्ख बनवतायत का? दादा, तुम्ही मूर्ख नाही आहात, तुम्ही अशा जागी उभे आहात जिथे समोरच्याला दिसतं आणि तुम्हाला दिसत नाही, बस्स. १९७३ मध्ये मायकल डार्बी आणि एडी कार्नी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी नेमकी हीच गोष्ट मांडली होती, की काही वस्तू घ्यायच्या आधी पारखता येतात, काही वापरल्यावर कळतात, आणि काही सेवा अशा असतात की पैसे देऊन, वापरूनसुद्धा त्यांची गरज होती की नव्हती हे कळत नाही, आणि त्यांनी त्याचं जे उदाहरण घेतलं ते गाडीच्या रिपेअरिंगचंच. जो आजार ओळखतो तोच औषध विकतो, तिथे हे होणारच. त्यात तुमचा गॅरेजवाला लबाडच असेल असं नाही, माझा अंदाज असा की त्याच्याकडे चोर शोधायला तास काढण्यापेक्षा पार्ट बदलणं सोपं होतं, कारण आपणही असेच आहोत, मजुरी जास्त लावली की कुरकुर करतो आणि पार्टचे पैसे मुकाट्याने देतो, मग तो पार्टच लावणार ना.

माझ्याच गाडीच्या पुढच्या चाकातून एकदा खरखर येत होती. गॅरेजमध्ये चाक न काढताच सांगितलं की दोन्ही डिस्क, पॅड, सगळं बदलावं लागेल. मी घाबरले होते कारण ब्रेकचं नाव काढलं की माणूस नाही म्हणत नाही. दुसऱ्या ठिकाणी चाक काढलं तर डिस्क आणि तिच्यामागच्या पातळ पत्र्याच्या मध्ये एक खडा अडकला होता, स्क्रूड्रायव्हरने निघाला. तेव्हापासून मी काम सांगायची पद्धतच बदलली. आधी मी जाऊन म्हणायचे डिस्क बघा, बॅटरी बघा, म्हणजे आजाराचं नाव मीच सांगायचे. आता मी लक्षण सांगते, कधी होतं, किती वेळाने होतं, कशाने बंद होतं. आणि काम करायच्या आधी एवढंच म्हणते की मला दाखवा. पॅड संपलेत म्हणता, दाखवा. डिस्क पातळ झालीये म्हणता, तर कमीत कमी किती जाडी चालते ते बहुतेक डिस्कवरच कोरलेलं असतं, मोजून दाखवा. टायर गेले म्हणता, तर टायरच्या खाचांमध्ये १.६ मिलिमीटर उंचीचे उंचवटे असतात, रबर घासून त्यांच्या बरोबरीला आलं का ते मला माझ्या डोळ्याने बघू द्या. जुना पार्ट मला परत द्या. चांगला मेकॅनिक यावर चिडत नाही, उलट खूश होतो, त्याचं काम कुणीतरी बघतंय म्हणून. जो चिडतो त्याच्याकडे परत जायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

एक वही पण करा, साधी, गाडीतच ठेवा. तारीख, किलोमीटर, लक्षण काय होतं, कुणी काय बदललं, कशावरून बदललं. तुमच्या केसमध्ये ही वही असती तर दोन दिवस उभी राहिल्यावरच होतं हे तिसऱ्याच नोंदीला उघड दिसलं असतं.

एक्स्चेंज ऑफरकडे येऊ. अशा ऑफरमध्ये दोन वेगळे सौदे एका कागदावर घातलेले असतात, तुमची गाडी त्यांनी घ्यायची आणि त्यांची तुम्ही. जुन्या गाडीला भाव वाढवून देतात आणि नव्यावरची सूट तेवढीच कमी करतात, माणूस जुन्या गाडीचा भाव ऐकून हरखतो. म्हणून दोन कोटेशन मागा, एक्स्चेंज न करता नवी कितीला, आणि एक्स्चेंजसकट कितीला, इन्शुरन्स, रजिस्ट्रेशन, ॲक्सेसरीज सगळं धरून शेवटचा आकडा. दोन्हीतला फरक हाच तुमच्या गाडीला त्यांनी दिलेला खरा भाव, बाकी कागदावर काहीही लिहिलेलं असो. तसंच बिनव्याजी हप्ते म्हणत असतील तर रोख दिले तर किती सूट देता हे विचारा, ती सूट सोडायला लागणं हेच ते व्याज.

आणि मूळ किंमत खोडून खाली नवीन किंमत लिहिलेली असते ना, तिच्याकडे बघूच नका, खरंच सांगते. १९७४ मध्ये आमोस ट्व्हर्स्की आणि डॅनियल काहनेमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग छापला होता, लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवलं, ते आधीच असं सेट केलेलं की १० वर किंवा ६५ वरच थांबेल, आणि मग विचारलं की संयुक्त राष्ट्रांमध्ये आफ्रिकी देश किती टक्के आहेत. १० बघितलेल्यांचा अंदाज मध्यावर २५ टक्के आला आणि ६५ बघितलेल्यांचा ४५. चक्राचा आणि प्रश्नाचा काडीचा संबंध नाही, तरी आकडा डोक्यात घुसून बसला. तर मग वस्तूच्याच बाजूला मुद्दाम छापलेली खोडलेली किंमत डोक्यात किती बसत असेल विचार करा, तुमची अर्ध्या किमतीची बॅटरी तिथूनच आली. त्या दिवशी खोडलेली किंमत झाकून, हीच बॅटरी, ही तारीख, ही वॉरंटी, दुसऱ्या दोन दुकानांत कितीला आहे एवढंच बघितलं असतं तर कदाचित घेतलीही असती, पण डोळे उघडे ठेवून. ५० टक्के आणि वर आणखी २० टक्के असं लिहितात ते पण ७० होत नाही हं, १०० चे ५० झाले आणि ५० च्या २० टक्के म्हणजे १०, म्हणजे ४० उरले, सूट ६०. वाईट नाही, पण ७० नाही.

आता बस. इथे मला बसची थोडी बाजू घ्यायचीय, कारण तुमचा राग चुकीच्या माणसावर निघतोय असं वाटतं.

सकाळी पाच-सात मिनिटं नुसती घरघरत उभी असते ती ड्रायव्हरचा आळस म्हणून नाही. मोठ्या बसचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, आणि पार्किंग ब्रेकची रचना उलटी असते, आत जबरदस्त स्प्रिंग असते जी चाक धरून ठेवते आणि हवा तिला मागे ढकलते तेव्हा चाक सुटतं. म्हणजे हवा गेली तर ब्रेक लागलेला राहतो, सुटत नाही, सुरक्षेसाठीच तसं केलंय. रात्रभरात जुन्या बसच्या पाइपांतून, व्हॉल्व्हमधून हवा गळून जाते, मग सकाळी इंजिन चालवून कॉम्प्रेसरने टाक्या परत भरेपर्यंत, साधारण ८ ते १० बारपर्यंत (बार हे दाबाचं माप), बस हलवायचीच नसते. डॅशबोर्डवरचा बझर वाजत असतो तो याचाच. ड्रायव्हर थांबलाय ते तुमच्या जिवासाठी थांबलाय. पण हो, नीट राखलेल्या बसमध्ये रात्रभरात एवढी हवा जायला नको, म्हणजे तिथे गळती आहे आणि ती तक्रारीची गोष्ट आहे.

चढावर धापा टाकण्याचं पण तसंच. साठ माणसं भरली की साडेतीन-चार टन वजन चढलं, रिकामी बस दहा टनांची धरली तरी तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढ, आणि चढावर हे सगळं वजन वर खेचायचं. चांगल्या इंजिनालाही तिथे मेहनत पडते. जुन्यात एअर फिल्टर चोंदलेला, डिझेल फिल्टर जाम, इंजेक्टर झिजलेले, टर्बोचा पाइप फुटलेला, यातलं एक जरी असलं तरी पिकअप मरतो. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, हवा दाबून दाबून इतकी गरम करायची की डिझेल आपोआप पेटतं, म्हणून रिंगा आणि सिलिंडर झिजून तो दाबच कमी झाला की ताकदही गेली आणि थंडीत चालू होणंही गेलं. धुराच्या रंगावरून बरंच कळतं. काळा धूर म्हणजे डिझेल पूर्ण जळत नाहीये, हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा आणि गरम झाल्यावरही थांबत नसेल तर इंजेक्टर, कॉम्प्रेशन किंवा कूलंट आत शिरतंय.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की तक्रार करताना उपयोगी पडेल. बस खूप खराब आहे असं लिहिलं की कुणी काही करू शकत नाही. बसचा बाजूला रंगवलेला नंबर, तारीख, वेळ, कुठल्या चढावर, धूर कुठल्या रंगाचा, सकाळी हवा भरायला किती मिनिटं लागली, एवढं लिहा, आणि एकाच बसबद्दल चार-पाच जणांनी वेगवेगळ्या दिवशी लिहा. तक्रार ड्रायव्हरची नका करू. गाडीचे दोष ड्रायव्हर डेपोत बहुधा आधीच लिहून देत असतो, त्याच्या एकट्याच्या नोंदीला जोर नसतो, तुमच्या पत्राने तो येतो. त्याला एकदा विचारून बघा, दादा ही बस कधीपासून अशी करते, तो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त सांगेल.

आणि अर्धा तास काही नाही मग एकदम दोन, याला कुणाचा कट लागत नाही. एक बस कशाने तरी दोन मिनिटं उशिरा झाली की पुढच्या स्टॉपवर तिच्यासाठी जास्त माणसं जमतात, चढायला जास्त वेळ, आणखी उशीर, पुढे आणखी गर्दी. तिच्या मागच्या बसला मात्र स्टॉप रिकामे मिळत जातात आणि ती पळत येऊन पहिलीला गाठते. न्यूवेल आणि पॉट्स या दोन संशोधकांनी १९६४ मध्येच याचं गणित मांडलं होतं, म्हणजे तुमच्या स्टॉपवरच होतं असं नाही, जिथे बस आहे तिथे हे आहे. म्हातारी बस यात जास्त सापडते, कारण तिचा पिकअप कमी, स्टॉपवरून निघायलाच वेळ, मग गेलेली दोन मिनिटं भरून काढायची कशी. तुम्ही एवढं करा, दोन्ही एकाच रूटच्या असतील आणि मागची समोर दिसत असेल तर पहिलीत कोंबून घेऊ नका, दुसरीत चढा, बसायला जागा मिळायची शक्यता बरीच जास्त आणि पोचाल साधारण त्याच वेळेला.

आता वहिनींचं म्हणणं, विकून टाका. त्या चूक नाहीत. गाडी आठवड्यातले पाच दिवस उभी असेल तर ती ठेवायची कशाला हा प्रश्न रास्त आहे, पण तो चालू होणाऱ्या गाडीबद्दल विचारा, बंद गाडीबद्दल नको. सध्या गोल फिरतंय सगळं, गाडी बंद म्हणून तुम्ही बसने जाता, बसने जाता म्हणून गाडी उभी राहते, उभी राहते म्हणून बॅटरी उतरते. आधी तो चोर सापडू द्या. मग दोघं बसून, गेल्या वर्षभरात गाडीवर किती गेले, पत्रा कुठे सडलाय का, गिअर आणि इंजिन कसं आहे, आणि गाडी लागते किती वेळा, हे बघा. या तीन पार्टवर गेलेले पैसे मात्र त्या हिशोबात धरू नका, ते गेले, गाडी ठेवली तरी गेले आणि विकली तरी गेले. इतका खर्च केलाय आता कशी विकू, हेही नको आणि इतका खर्च झाला म्हणून रागाने विकतो, हेही नको. विकायचीच ठरली तर दुरुस्त झालेली, वहीसकट विका, घेणारा चावी फिरवणार आणि ती चालू होणार यालाच भाव आहे.

ठेवायची ठरली आणि ती कमीच वापरली जाणार असेल तर आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास नीट फिरवून आणा. जागेवर पाच मिनिटं चालू करून बंद करणं हे उलट वाईट, सेल्फने खाल्लेलं पुरतं भरूनही येत नाही. लांब गावाला जाताना निगेटिव्ह टर्मिनल सोडवून ठेवलंत तरी चालेल, फक्त म्युझिक सिस्टिमला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा.

तर शनिवारी सकाळी डिकीतला व्हिडिओ, आणि तिथे दिवा विझत असेल तर त्याच दिवशी इलेक्ट्रिशियन. गॅरेजवाल्याला फोन करून वायरिंगचं काम थांबवा हे मात्र आजच करा, त्याने डॅशबोर्ड खोलायच्या आत. आणि कुठला फ्यूज निघाला ते मला कळवा, मला खरंच जाणून घ्यायचंय.